परत यायची वाट त्याच कागदावर लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पंधरा वर्षं तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भक्तिगीतांचं नेतृत्व करणाऱ्या एका विवाहित बंधूचे मंडळीतल्याच एका स्त्रीशी संबंध असल्याचं उघड झालं. आठ महिन्यांपूर्वी वडीलमंडळाने (मंडळीच्या पुढाऱ्यांनी, ज्यांना 'वडील' म्हणतात) त्याला प्रभुभोजनापासून (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवलं आणि सेवेतून काढलं. आता तो म्हणतो, मला पश्चात्ताप झालाय, परत घ्या. निम्मे वडील म्हणतात, देवाने क्षमा केली तर अडवणारे आपण कोण? उरलेले म्हणतात, याला आत घेतलं तर उद्या तरुण मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायचं? तुम्ही स्वतः वडील आहात आणि दोन्ही बाजूंचं पटतंय म्हणून अडकलात.

मी तीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो. अशा किती सभांना बसलो ते मोजलं नाही, पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक सभेत पाहिली. माणसाला बाहेर ठेवायचं एका संध्याकाळी ठरतं आणि त्याला आत कसं घ्यायचं, हे त्या संध्याकाळी कोणीच विचारत नाही. तुमच्या ठरावाची नक्कल तुम्ही पाठवलीत. तीन ओळींचा ठराव, आणि शेवटी 'पुढील निर्णय होईपर्यंत'. तो निर्णय कोण घेणार, कधी घेणार, काय पाहून घेणार, याचा मागमूस नाही. मग आठ महिन्यांनी वाद होणार नाही तर काय?

तुमचे वडील एका प्रश्नावर भांडतायत असं त्यांना वाटतंय. खरं तर तीन प्रश्न एकाच पोत्यात भरलेत. या माणसाला क्षमा करायची का, हा पहिला. त्याला पुन्हा मंडळीच्या सहभागितेत, प्रभूच्या मेजाशी म्हणजे प्रभुभोजनाला घ्यायचं का, हा दुसरा. त्याच्या हातात पुन्हा सेवा द्यायची का, हा तिसरा. पहिल्याला वेळ लागू नये. दुसऱ्याला थोडा लागतो. तिसऱ्याला पुष्कळ लागतो, आणि कधी कधी उत्तर 'नाही' असंच राहतं. 'क्षमा करा' म्हणणारा गट पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला लावतोय आणि 'तरुणांचं काय' म्हणणारा गट तिसऱ्याचं उत्तर पहिल्याला. पुढच्या सभेत हे तीन प्रश्न तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून मेजावर ठेवा. आवाज निम्मा खाली येईल, हे अनुभवाने सांगतो.

आता शास्त्राकडे येतो, कारण दोन्ही गट बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्यायच उघडून बसले असणार. त्या अध्यायातली 15 ते 17 ही तीन वचनं आपण कापून भिंतीवर लावल्यासारखी वापरतो. आधी एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग, आणि तरीही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार (लोक तुच्छ मानत असा कर वसूल करणारा) समज. पण लगेच आधी काय आहे ते पाहा: नव्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या शोधात निघालेला माणूस. आणि लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, आणि त्याला सत्तर वेळा सात असं उत्तर मिळतं, त्यामागून निर्दय दासाची गोष्ट येते. म्हणजे शिस्तीची ही वचनं शोध आणि क्षमा यांच्या मधोमध ठेवलीत. पहिल्या पायरीचा हेतूही तिथेच सांगितलाय, की तुझा भाऊ तू मिळवलास. 'प्रकरण निकाली काढलंस' असं तिथे नाही. आणि जकातदारासारखा समज म्हणजे नेमकं काय? ज्याच्या नावावर हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला माणूस. येशू जकातदारांशी कसा वागला, हे तर त्या पुस्तकात पानोपानी आहे.

चार पायऱ्यांमधली पहिलीच आपण सर्रास गाळतो. एकट्याने जाऊन तोंडावर बोलणं जिवावर येतं, म्हणून आपण दुसऱ्या कोणाला तरी 'प्रार्थनेसाठी' सांगतो. तो तिसऱ्याला प्रार्थनेसाठी सांगतो. आठवड्याभरात अख्खी मंडळी प्रार्थना करत असते आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीय त्याला काहीच ठाऊक नसतं. मी तर म्हणेन, मंडळीत सगळ्यात जास्त चहाड्या प्रार्थनेची शाल पांघरून फिरतात.

इथे एक गोष्ट आडवी घालावीच लागेल, कारण तुम्हाला दिलेलं हे उत्तर वाचून कोणीतरी ते भलत्या ठिकाणी लावेल. लहान मुलाशी झालेलं लैंगिक दुष्कृत्य, घरातली मारहाण, बलात्कार, अशा बाबतीत 'आधी एकट्याने जाऊन बोल' हा मार्ग नाही. ज्याने सोसलं त्याला करणाऱ्यासमोर एकट्याने जायला सांगणं ही दुसरी मारहाण आहे. तिथे पहिली हाक पोलिसांना आणि पहिला आसरा सोसणाऱ्याला. मंडळीची शिस्त तिथेही आहे, पण कायद्याच्या जागी बसून नव्हे. 'घरातली गोष्ट घरात मिटवू' म्हणणाऱ्या वडिलांना खोलीबाहेर बसवा. तसंच आरोप पाळकावरच असेल तर त्याच्या हाताखालच्या लोकांनी चौकशी करू नये, बाहेरची माणसं बोलवावीत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडिलांविरुद्धचा आरोप दोनतीन साक्षीदारांवाचून घेऊ नये असं आहे, आणि लगेच पुढे, जे पाप करत राहतात त्यांचा दोष सर्वांदेखत दाखवावा असंही आहे. पहिलं वाक्य पुढाऱ्यांना पाठ असतं. दुसऱ्याची आठवण करून द्यावी लागते.

तुमच्या प्रकरणाला मात्र सगळ्यात जवळचं आहे करिंथ. प्रेषित पौलाचं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इ. स. 55 च्या सुमाराचं. त्याच्या पाचव्या अध्यायात बापाच्या बायकोला ठेवलेल्या माणसाचं प्रकरण आहे आणि मंडळी त्यावर शोक करायच्या ऐवजी फुगून बसलीय. पौल कडक शब्दांत सांगतो, त्याला आपल्यातून काढा. हा अध्याय प्रत्येक शिस्तीच्या सभेत वाचला जातो. त्यानंतरच्या पत्राचा दुसरा अध्याय मात्र मी माझ्या पहिल्या दहा वर्षांत एकाही सभेत वाचलेला ऐकला नाही. तिथे पौल लिहितो, बहुतेकांनी त्या माणसाला केलेली शिक्षा पुरे झाली. आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखात बुडून जाईल. त्याच्यावर तुमची प्रीती आहे हे त्याला पटवून द्या. आणि पुढे म्हणतो, सैतानाचे डाव आपल्याला ठाऊक नाहीत असं नाही. दुसऱ्या पत्रातला माणूस तोच की वेगळा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि आजचे पुष्कळ जण वेगळा मानतात. माझ्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. ढिलाईने पापाकडे डोळेझाक केली की सैतानाचं फावतं, हे आपल्याला लवकर कळतं. परत घ्यायला उशीर झाला तरी त्याचंच फावतं, हे पौल तितक्याच गांभीर्याने सांगतो.

'उशीर' म्हणजे किती, असं तुम्ही विचाराल. जुन्या मंडळीने याचं उत्तर आकड्यांत दिलं होतं, आणि ते आकडे बघून आपली छाती दडपते. 250 साली रोमी सम्राट देकियसच्या छळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी देवतांना बळी अर्पण केले, काहींनी पैसे देऊन तसे दाखले मिळवले. छळ थांबल्यावर ते मंडळीच्या दारात उभे राहिले. रोममध्ये नोवेशियन नावाच्या धर्मगुरूने भूमिका घेतली की यांना मंडळी परत घेऊच शकत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन दुसऱ्या टोकालाही गेला नाही. लगेच आत या असं तो म्हणाला नाही, पश्चात्तापाचा काळ घातला आणि मग दार उघडलं. पुढे 325 साली नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने आपल्या 11 व्या नियमात, दबाव नसतानाही विश्वास सोडलेल्यांसाठी क्रम आखला: तीन वर्षं केवळ वचन ऐकणाऱ्यांत, सात वर्षं गुडघे टेकून पश्चात्ताप करणाऱ्यांत, दोन वर्षं मंडळीबरोबर प्रार्थनेत पण प्रभुभोजनाशिवाय. एकूण बारा वर्षं. आपल्या काळात हे कोणी सुचवणार नाही आणि मीही सुचवत नाही. पण त्या नियमात एक गोष्ट होती जी तुमच्या तीन ओळींत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होतं की आज तो कुठल्या पायरीवर आहे आणि पुढची कोणती.

त्याच परिषदेचा पुढचा, 12 वा नियम मला जास्त आवडतो. त्यात म्हटलंय की जे भीतीने, अश्रूंनी, चिकाटीने आणि चांगल्या कृतींनी खरा पालट दाखवतात त्यांच्याशी बिशपने अधिक दयेने वागायला हरकत नाही. ज्यांनी हे सगळं सहज घेतलं आणि नुसतं मंडळीत येत राहणं पुरे मानलं, त्यांनी मात्र पूर्ण काळ भरावा. म्हणजे कॅलेंडर होतं, पण माणूस कॅलेंडरच्या वर होता. आणि 13 वा नियम सांगतो की मरणपंथाला लागलेल्याला प्रभुभोजन नाकारू नका.

हाच धागा पुढे वेगवेगळ्या परंपरांत सापडतो. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला 85 वा प्रश्न ख्रिस्ती शिस्तीने स्वर्गाचं राज्य कसं उघडतं आणि बंद होतं, असा आहे. उत्तर बाहेर ठेवण्याचं वर्णन करतं, पण तिथे थांबत नाही. खरी सुधारणा कबूल करून दाखवली की त्यांना ख्रिस्ताचे आणि मंडळीचे अवयव म्हणून पुन्हा घेतलं जातं, असं सांगूनच ते संपतं. एकाच उत्तरात दोन्ही. कॅथलिक धर्मसंहितेत बहिष्कार हा 'औषधी' स्वरूपाच्या शिक्षांत मोडतो आणि 1358 वा नियम म्हणतो, ज्याचा हट्ट सुटलेला नाही त्याची अशी शिक्षा उठवता येत नाही. पण ज्याचा हट्ट सुटला त्याला ती माफी नाकारता येत नाही. 'नाकारता येत नाही' हे शब्द तुमच्या दुसऱ्या गटासमोर वाचा. ते कॅथलिक नसले तरी चालेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: माणसाला दूर ठेवायचा ठराव ज्या कागदावर लिहिता, परत यायची वाट त्याच कागदावर लिहा, त्याच दिवशी, राग ताजा असताना. राग ओसरल्यावर लिहिलेली वाट फार सोपी होते, आणि मुळीच लिहिली नाही तर कोणाचा राग किती टिकतो यावर त्या माणसाचं भवितव्य लटकतं. ज्याला वाट नाही ती शिस्त नव्हे, ते वाळीत टाकणं झालं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या काळात एका बंधूने मंडळीचे पैसे वापरले. आम्ही त्याला दूर ठेवलं. दीड वर्षात त्याने सगळी रक्कम हप्त्याहप्त्याने फेडली आणि आमच्या वडीलमंडळाने, माझ्या सल्ल्यावरून, त्याला 'गाजावाजा न करता' परत घेतलं. मला वाटलं, किती नाजूकपणे केलं! बाहेर ठेवताना सगळ्या मंडळीसमोर नाव वाचलं होतं, आत घेताना फक्त एका संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. पुढची दोन वर्षं तो ज्या बाकावर बसायचा तो बाक रिकामा राहायचा. दानाची थैली फिरवणारा त्याच्यापाशी आला की नजर चुकवायचा. एके दिवशी उपासना संपल्यावर तो दारात थांबला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, मी आत आहे की बाहेर, एकदा सगळ्यांसमोर सांगाल का?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंडळीत गेला. आम्ही त्याला पापासाठी बाहेर ठेवलं तेव्हा तो गेला नव्हता. आमच्या क्षमेने तो गेला.

तुमच्या कागदात काय असावं? कृत्याचं नाव असावं पण वर्णन नसावं. काय थांबवलंय ते नेमकं असावं: प्रभुभोजन, गायन, मतदान, जे असेल ते. उपासनेला तो येऊ शकतो का? हे बहुतेक ठराव सांगत नाहीत आणि मग दारावरचा स्वयंसेवक ठरवतो. माझ्या मते उपासनेला त्याने यावं, वचन ऐकावं. नायसियाच्या पायऱ्यासुद्धा तिथूनच सुरू होतात. सोबतीला दोन माणसं नेमा, नावानिशी, जी दर आठवड्याला त्याला भेटतील. ती चौकशीला नव्हे, चालायला सोबत म्हणून. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात, ज्याच्याशी संबंध ठेवायचा नाही त्याच्याबद्दलही पौल बजावतो की त्याला शत्रू मानू नका, भाऊ म्हणून बोध करा. भाऊ म्हणून बोध करायला कोणीतरी भेटावं लागतं. मग, दर तीन महिन्यांनी वडीलमंडळ आढावा घेईल, ही तारीख लिहा. आणि कोणत्या गोष्टी दिसल्यावर दार उघडेल, त्या लिहा. तुमच्याकडे हे आठ महिन्यांपूर्वी झालं नाही. आता करा, पण ते आठ महिने वाया गेले असं धरून त्याला शून्यावर उभं करू नका. चूक ठरावाची होती.

पश्चात्ताप खरा आहे हे कसं ओळखायचं, हा कुठल्याही सभेतला सगळ्यात अवघड भाग. अश्रूंवर विसंबू नका. अश्रू पकडलं गेल्याचेही असतात. जुन्या करारातले राजे शौल आणि दावीद, दोघेही 'मी पाप केलंय' असं म्हणाले. शौल पुढे शमुवेल संदेष्ट्याला काय म्हणतो ते बघा: तरी आता माझ्या लोकांच्या वडिलांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख. त्याला पापाची नाही, प्रतिष्ठेची चिंता आहे. दावीद नाथान संदेष्ट्यापुढे एक शब्दही सफाई देत नाही. माझ्या अनुभवात ज्याचा पालट खरा असतो तो 'पण' हा शब्द कमी वापरतो. 'चूक झाली, पण घरी मला कोणी समजूनच घेत नव्हतं' हा पश्चात्ताप नव्हे, दुसऱ्यावर लावलेली तक्रार आहे. खरा पश्चात्तापी तुम्हाला न सापडलेली गोष्ट स्वतःहून सांगतो. तो तारीख मागत नाही, आणि ज्यांना त्याने दुखावलं ते वेळ घेतायत याचा त्याला राग येत नाही. भरपाई शक्य असेल तिथे तो ती करतो. जकातदार जक्कयाने चौपट परत द्यायचं म्हटलं ते कोणी मागायच्या आधी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल देवाला अनुसरून झालेलं दुःख आणि जगाचं दुःख यात फरक करतो आणि पहिल्याची फळं एकामागून एक मोजतो: आस्था, संताप, भीती, उत्कंठा. ती यादी घेऊन सोबतीच्या त्या दोन बंधूंनी त्याच्याबरोबर एक संध्याकाळ बसावं. परीक्षा घ्यायला नव्हे, बोलायला.

तुमचा बंधू 'मला परत घ्या' म्हणतोय त्याचा अर्थ काय? त्याला मेजाशी यायचंय की मायक्रोफोनपाशी? हे त्याला सरळ विचारा. 'मायक्रोफोन कधीच नको, पण मेज द्या' असं तो मनापासून म्हणाला तर माझ्या मते त्याची वेळ झालीय. आधी मायक्रोफोनची चौकशी केली तर झालेली नाही.

आता ज्यांच्याबद्दल तुमच्या लांबलचक पत्रात जेमतेम दोन वाक्यं आहेत, त्यांच्याबद्दल. त्याची पत्नी. 'भगिनी समजूतदार आहेत' एवढंच तुम्ही लिहिलंत. हे वाक्य वाचून मी थबकलो, कारण त्या समजूतदार आहेत हे कोण म्हणतंय, त्या की वडीलमंडळ? त्यांना परत घेण्याच्या दिवसाबद्दल आधी कळलं पाहिजे आणि त्यांचं म्हणणं पुरुषांच्या सभेत नाही, एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या बाईपाशी मोकळेपणाने मांडता आलं पाहिजे. त्यांचा नवरा मंडळीत परत आला म्हणजे घरातही सगळं पूर्वीसारखं झालं, असा दबाव त्यांच्यावर येता कामा नये. मंडळीचा निर्णय मंडळीचा, घराचा निर्णय त्या दोघांचा. 'तुम्ही मन मोठं करा' हे वाक्य त्यांच्यासमोर कोणी उच्चारणार नाही, असं वडीलमंडळात ठरवूनच घ्या.

आणि ती दुसरी स्त्री. तिच्याबद्दल तुमचं वाक्य आहे: 'त्या येणं बंद झाल्या.' बंद झाल्या की केल्या? ती तुमची सभासद होती. तिच्यासाठी ठराव झाला का, कोणी तिला भेटायला गेलं का, तिला कोणी विचारलं का की हे सगळं कसं घडलं? तो पंधरा वर्षं व्यासपीठावर उभा राहणारा माणूस. तिच्या वयाचा आणि तिच्या परिस्थितीचा मला अंदाज नाही, पण पुढारी आणि सभासद यांच्यातला संबंध नेहमी बरोबरीचा नसतो. कधी कधी ज्याला आपण दोघांचं पाप म्हणतो त्यात एकाचा अधिकार आणि दुसऱ्याचा भरवसा मोडलेला असतो. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोक येशूपुढे आणतात. पुरुष कुठे होता, याचं उत्तर तिथे नाही. तुमच्याकडे उलट झालंय. पुरुषाच्या परत येण्यावर आठ महिने चर्चा आणि स्त्री कागदावरच नाही. ती दुसऱ्या मंडळीत रमली असेल तर तिथल्या पाळकांच्या माध्यमातून नुसती विचारपूस करा. आणि तुमच्याकडे यायची तिची इच्छा असेल तर दोघांनी एकाच उपासनेत बसायचं का, कोण कधी येणार, हे तिला विचारून ठरवा. दोघांपैकी एकालाच जागा देता येत असेल तर 'तो आमचा जुना सेवक' या कारणाने त्याला देऊ नका.

जेवणाच्या पंगतीबद्दल तुम्ही विचारलंय. करिंथकरांस पहिल्या पत्रात अशा माणसाबरोबर जेवूही नका असं आहे, मग त्याला घरी बोलावणाऱ्या बंधूचं चुकलं का? तिथे प्रश्न आहे तो 'बंधू' हे नाव मिरवत पापात राहणाऱ्याचा, जिथे एकत्र जेवणं म्हणजे 'सगळं ठीक आहे' अशी ग्वाही होते. ज्याने पाप सोडलंय आणि वाटेवर चालतोय त्याला चहा देणारा त्याच्या पापाला ग्वाही देत नाही. घरची माणसं, कामावरचे सहकारी, शेजारी यांना ते वचन लावू नये, असं मला वाटतं. एवढं या प्रश्नावर पुरे.

परत घेण्याचा दिवस. ज्या मंडळीने ऐकलं की तो बाहेर आहे, तिनेच ऐकलं पाहिजे की तो आत आहे. प्रभुभोजनाच्या उपासनेत करा. वडीलमंडळाने लिहिलेला मजकूर वाचा, तोंडी बोलू नका. तोंडी बोलताना माणूस एकतर पाझरतो नाहीतर टोचतो, आणि नको ते तपशील निसटतात. चार वाक्यं पुरतात: या बंधूला आपण अमुक काळ दूर ठेवलं होतं, त्याने आपलं पाप कबूल करून सोडलंय हे वडीलमंडळाने पाहिलंय, आजपासून तो प्रभूच्या मेजाशी आपल्याबरोबर आहे, आजपासून हा विषय काढणाऱ्याला वडीलमंडळ जाब विचारेल. त्याची साक्ष त्या दिवशी घेऊ नका. मंडळीला अशी साक्ष ऐकायला आवडते, पण तिथे त्याची पत्नी बसलेली असते, आणि गाणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाला हातात मायक्रोफोन आल्यावर आपलंच पाप रंगवून सांगायचा मोह होतो. भाकर त्याच्या हातात देणारा, ठरावाला सगळ्यात जास्त विरोध करणारा वडील असेल तर उत्तम. मी असं एकदा घडताना पाहिलं. दोघांचेही हात थरथरत होते.

राहिला तिसरा कागद. सेवा. इथे लोक पेत्राचं उदाहरण देतात आणि ते द्यावंच. योहानाच्या 18 व्या अध्यायात पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा राहून येशूला नाकारतो, आणि 21 व्या अध्यायात किनाऱ्यावर येशूपाशी असतो तोही कोळशाचाच विस्तव. मूळ ग्रीकमध्ये त्यासाठीचा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तिथे तीन वेळा प्रश्न, तीन वेळा 'माझी मेंढरं राख'. काही दिवसांत पद परत! पण दुसरं उदाहरणही आहे. पौलाचा साथी योहान मार्क प्रचाराच्या प्रवासात पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला, पौलाने त्याला पुन्हा बरोबर न्यायला नकार दिला, इतका की सहकारी बर्णबाशी पौलाचं फाटलं. आणि पुष्कळ वर्षांनी, तीमथ्याला दुसऱ्या पत्रात, तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. दोन्ही वाटा शास्त्रातल्याच. पेत्राची वाट आपल्याला हवीशी वाटते. मार्काची बहुतेकांच्या वाट्याला येते.

तुमच्या माणसाबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. मेजाशी परत आल्यावर किमान दोन वर्षं त्याने बाकावर बसून इतरांच्या मागे गावं. नेतृत्व नाही, 'या आठवड्यापुरतं' सुद्धा नाही. तुमचा दुसरा गायक आजारी पडेल तेव्हा हाच मोह सगळ्यांना होणार आहे. त्यानंतर विचार करायचा तर एकट्याने स्त्री सभासदांचा सराव घेण्याचं काम त्याच्याकडे कधीच जाऊ नये. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा असं म्हणताना पौल जो ग्रीक शब्द वापरतो, तोच शब्द मार्काच्या पहिल्या अध्यायात जाळी दुरुस्त करणाऱ्या कोळ्यांसाठी आलाय. दुरुस्त केलेलं जाळं पाण्यात टाकायचंच असतं, हे खरं. पण कुठल्या पाण्यात, हे कोळ्याला जाळ्याकडे बघून ठरवावं लागतं. पैसे खाल्लेला माणूस आजाऱ्यांना भेटणारा उत्तम सेवक होऊ शकतो. पैशांची पेटी पुन्हा त्याच्याकडे द्यायची गरज नसते, आणि न देणं ही त्याच्यावरही दयाच असते. मुलांशी दुष्कृत्य केलेला माणूस मुलांमध्ये पुन्हा कधीच नाही, त्याचा पश्चात्ताप कितीही खरा असला तरी.

तुमच्या तरुणांना काय सांगायचं, याचं उत्तर मी वेगळं देत नाही. तुम्ही हे कसं करताय ते ती मुलं आत्ता बघतायत.

पुढच्या सभेआधी एकच काम करा. त्याच्या पत्नीला आणि त्या दुसऱ्या स्त्रीला कोण भेटायला जाणार, हे ठरवून मला कळवा. दोन वेगळ्या भगिनी पाठवा, आणि त्यातली एकही कुठल्या वडिलांची बायको नसावी.